शस्त्र खाली ठेवले, पुढे काय?

(सशस्त्र संघर्षातून परतणारी माणसे आणि समाजाचे दायित्व या विषयावर नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन.)



१५ ऑक्टोबर २०२५ या दिवशी गडचिरोलीत जे घडले, ते आपणांपैकी बहुतेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. माओवादी पक्षाच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने आपल्या ६० सहकाऱ्यांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. त्याची पत्नी ताराक्का ही त्याच वर्षी १ जानेवारीला शरण आली होती. पुढे दोनच दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, जगदलपूर येथे २१० जणांनी तोच मार्ग पत्करला. ज्या जिल्ह्याने ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीला १७ पोलीस गमावले, १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक गमावला, त्या जिल्ह्याला या दिवसाचे मोल वेगळे सांगावयास नको. हा दिवस सुरक्षा दलांच्या आणि गडचिरोलीच्या वनवासी बांधवांच्या सोशिकतेचे फळ आहे, आणि त्याचा आनंद मानण्यात कोणताही संकोच नको.

परंतु माझा आजचा विषय १५ ऑक्टोबर हा नाही. १६ ऑक्टोबर हा आहे. सोहळा संपतो, मंडप उतरतो, छायाचित्रकार निघून जातात. मागे उरतात ती माणसे. त्यांतील अनेकांनी आयुष्यात बंदुकीखेरीज दुसरे साधन हाती धरलेले नसते. अनेक जण तेरा-चौदाव्या वर्षी जंगलात गेलेले असतात. उद्या सकाळी त्यांना उठवणारी शिट्टी वाजणार नसते. आज कोठे जायचे, काय करायचे, हे सांगणारा दलमप्रमुख नसतो. त्या सकाळी त्यांच्या समोर कोण उभे असते, यावर पुढील पंचवीस वर्षांची शांतता ठरते. ते काम केवळ सरकारचे नाही, ते मुख्यतः समाजाचे आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

तीन पायऱ्या

जगभर जेथे जेथे सशस्त्र संघर्ष थांबले, तेथे या प्रक्रियेच्या तीन पायऱ्या मानल्या गेल्या आहेत. पहिली, शस्त्र हातातून जाणे. दुसरी, ज्या लढाऊ संघटनेत माणूस बांधलेला असतो, ती संघटना विसर्जित होणे. तिसरी, माणूस पुन्हा समाजाचा घटक होणे. पहिलीला दिवस पुरतो, दुसरीला महिने लागतात, तिसरीला एक पिढी जाते. शासनाचे लक्ष, पैसा आणि प्रसिद्धी मात्र याच्या नेमकी उलट वाटली जाते. पहिल्या पायरीवर सगळा झगमगाट आणि तिसऱ्या पायरीवर अंधार! या तीनही पायऱ्यांची उदाहरणे आपल्याच देशात आणि शेजारी आहेत. आसाम, नेपाळ आणि मिझोराम ही तीन उदाहरणे मी आपल्यासमोर ठेवणार आहे.

आसाम : शस्त्र हातातच राहिले तर

७ एप्रिल १९७९ रोजी शिवसागरच्या रंगघरात ‘उल्फा’ची स्थापना झाली. आसामला भारतापासून तोडण्याचे स्वप्न पाहणाऱ्या या संघटनेच्या विरोधात सैन्याने नोव्हेंबर १९९० मध्ये ‘ऑपरेशन बजरंग’ आणि पुढच्या वर्षी ‘ऑपरेशन ऱ्हायनो’ या मोहिमा राबवल्या. संघटना खिळखिळी झाली आणि १९९२ च्या सुमारास, हितेश्वर सैकिया मुख्यमंत्री असताना, तिच्यातील मोठा गट बाहेर पडला. शरण आलेल्या या उल्फांना आसामी माणूस ‘सल्फा’ म्हणू लागला.

यांच्या पुनर्वसनासाठी बँकांमार्फत २ लाख रुपयांपर्यंत कर्ज देण्याची योजना आली. हेतू चांगला होता. परंतु कर्ज कशासाठी घेतले, व्यवसाय उभा राहिला की नाही, हप्ता भरला की नाही, हे पाहणारी यंत्रणाच उभी राहिली नाही. बहुतेक कर्जे बुडाली. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, जुने सहकारी सूड घेतील या भीतीपोटी यांतील अनेकांना स्वसंरक्षणार्थ शस्त्रे बाळगू देण्यात आली. शस्त्र गेले नाही, केवळ त्याचा धनी बदलला. काल जो राज्याच्या विरोधात बंदूक रोखत होता, तो आज राज्याच्या छायेत बंदूक बाळगू लागला.

परिणाम व्हायचा तोच झाला. कोळशाच्या वाहतुकीपासून ठेकेदारीपर्यंत ‘सल्फा’चे जाळे पसरले. सामान्य व्यापारी पूर्वी उल्फाला खंडणी देत होता, आता तो दोघांना देऊ लागला. पुढे १९९८ ते २००१ या काळात उल्फाच्या म्होरक्यांच्या नातलगांच्या हत्यांचे सत्र घडले. ‘गुप्तहत्या’ या नावाने आसाम आजही त्या दिवसांची आठवण काढतो. या प्रकरणी नेमलेल्या न्या. के. एन. सैकिया आयोगाने पोलीस आणि ‘सल्फा’ यांच्या संगनमतावर बोट ठेवले. २०१८ साली गुवाहाटी उच्च न्यायालयाने त्या आयोगाची नियुक्तीच अवैध ठरवली. कायद्याच्या दृष्टीने त्या अहवालाचे काहीही होवो, ज्या घरांतील माणसे रात्री दार ठोठावून नेण्यात आली, त्या घरांना त्या रात्री विसरता आलेल्या नाहीत.

येथे आणखी एक हिशोब पाहण्यासारखा आहे. ६ डिसेंबर २००३ रोजी कोक्राझारला ‘बोडो लिबरेशन टायगर्स’चे २६४१ सदस्य शरण आले, तेव्हा ६१५ शस्त्रे जमा झाली. म्हणजे चार माणसांमागे एक शस्त्र. ३० जानेवारी २०२० रोजी ‘एनडीएफबी’च्या १६१५ जणांनी १७८ शस्त्रे दिली, म्हणजे नऊ माणसांमागे एक. प्रत्येक सदस्याजवळ शस्त्र असतेच असे नाही, हे मान्य. काही माणसे केवळ निरोप पोहोचवणारी, काही स्वयंपाक करणारी, काही आयत्या वेळी यादीत शिरलेली असतात. तरीही उरलेली शस्त्रे कोठे आहेत, हा प्रश्न विचारायचा असतो. २०१२ साली कोक्राझार पेटले, तेव्हा जमा न झालेल्या शस्त्रांचा प्रश्न पुन्हा डोके वर काढून उभा राहिला. या तुलनेत गडचिरोलीत ६१ जणांनी ५४ आणि जगदलपूरला २१० जणांनी १५३ शस्त्रे दिली, ही जमेची बाजू आहे. ती मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे.

नेपाळ : ‘अयोग्य’ ठरलेली माणसे

आता आपल्या सख्ख्या शेजाऱ्याकडे वळू. नेपाळात फेब्रुवारी १९९६ पासून चाललेला माओवादी संघर्ष २१ नोव्हेंबर २००६ च्या शांतता कराराने थांबला. माओवाद्यांच्या सैन्याला सात मुख्य आणि त्यांना जोडलेल्या एकवीस उपछावण्यांत ठेवण्यात आले. शस्त्रे पेट्यांत बंद झाली. त्यांवर संयुक्त राष्ट्रांची देखरेख होती आणि किल्ल्या माओवाद्यांकडेच होत्या.

प्रथम ३२,२५० जणांची नोंद झाली. पडताळणीस ८,६४० जण आलेच नाहीत. आलेल्यांपैकी ४,००८ जण अपात्र ठरले, आणि उरलेल्या १९,६०२ जणांना ‘लढाऊ’ म्हणून मान्यता मिळाली. हे अपात्र कोण होते? त्यांतील २,९७३ जण अल्पवयीन होते. ज्या मुलांच्या हाती पाटी-पुस्तक असावयास हवे होते, त्यांच्या हाती क्रांतीच्या नावाने बंदूक देण्यात आली होती. उरलेले १,०३५ युद्धबंदीनंतर भरती झालेले होते. पडताळणीनंतरही ही मुले दोन वर्षे छावण्यांतच राहिली आणि २०१० च्या आरंभी त्यांना बाहेर काढण्यात आले. त्यांच्या कपाळी एक शब्द बसला, ‘अयोग्य’.

बंधुभगिनींनो, या एका शब्दाचा विचार करा. ज्या पक्षासाठी आपण शाळा सोडली, आई सोडली, त्या पक्षाने आपल्याला छावणीबाहेर काढले. ज्या राज्याविरुद्ध लढलो, त्याच्या दप्तरात आपली नोंद अयोग्य अशी झाली. गावी परत जावे, तर गाव विचारणार, इतकी वर्षे काय मिळवून आलास? शिवणकाम, दुकानदारी, शिक्षण अशा प्रशिक्षणाच्या योजना त्यांच्यासाठी आखल्या गेल्या. अनेकांनी त्या घेतल्याही. पण पुढे वर्षानुवर्षे त्यांची आंदोलने चालली, त्यांत पैशाच्या मागणीइतकीच ठाम मागणी होती ती हा शब्द पुसण्याची. माणूस उपास काढतो; पण अवमान घेऊन जगणे त्याला जमत नाही.

आणि ज्यांना मान्यता मिळाली, त्यांचे काय झाले? सहा वर्षे छावणीत गेली. करारानंतर लवकर जे व्हायचे, ते २०१२ साली झाले. शेवटी नेपाळी सैन्यात सामील झालेल्यांची संख्या १,४२२ च्या आसपास भरली. हजारोंनी ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन स्वेच्छानिवृत्ती पत्करली. प्रशिक्षण आणि रोजगाराच्या पुनर्वसन योजनेचा पर्याय किती जणांनी निवडला? केवळ सहा जणांनी! सहा हजार नव्हे, सहाशेही नव्हे. याचा अर्थ ती माणसे आळशी होती असा नाही. सहा वर्षे ज्याला नुसते बसवून ठेवले, त्याचा कोणत्याही योजनेवरचा विश्वास उडालेला असतो. त्याला रोख रकमेखेरीज काहीच खरे वाटत नाही. विलंब हा स्वतःच एक अन्याय असतो, हा नेपाळचा धडा आहे.

मिझोराम : परतणाऱ्यासाठी जागा

तिसरे उदाहरण यशाचे आहे. त्याच्याशी महाराष्ट्राचाही एक धागा जुळलेला आहे. १ मार्च १९६६ रोजी लालडेंगा यांच्या मिझो नॅशनल फ्रंटने भारतापासून स्वातंत्र्य घोषित केले. त्यानंतरची वीस वर्षे त्या डोंगरांनी काय सोसले, ते विस्ताराने सांगण्यास वेळ नाही. ऐजॉलवर विमानांतून हल्ले झाले. शेकडो खेडी मूळ जागेवरून उठवून रस्त्याकडेच्या एकत्रित वस्त्यांत आणली गेली. ३० जून १९८६ रोजी दिल्लीत करार झाला. भारत सरकारच्या वतीने त्यावर स्वाक्षरी करणारे गृहसचिव राम प्रधान हे महाराष्ट्र केडरचे सनदी अधिकारी होते, आणि तो त्यांच्या सेवेचा अखेरचा दिवस होता.

या कराराला चाळीस वर्षांचा काळ लोटला. मिझोराममध्ये त्या संघटनेचा भूमिगत लढा पुन्हा कधीही उभा राहिला नाही. याचे रहस्य कशात आहे?

पहिले कारण, संघटना फुटून नव्हे, तर अखंड बाहेर आली. आसामप्रमाणे शरण आलेले आणि न आलेले असे दोन तट पडले नाहीत. म्हणून सूडाच्या भीतीने शस्त्र जवळ ठेवण्याची कोणास गरज उरली नाही. दुसरे कारण, कोणीतरी आपली जागा रिकामी केली. लाल थनहॉला हे निवडून आलेले मुख्यमंत्री होते. त्यांनी पद सोडले, लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि लाल थनहॉला त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री झाले. सत्तेसाठी भाऊ भावाला ओळखत नाही अशा काळात ही गोष्ट लहान नव्हे. आणि तिसरे, १९८९ च्या निवडणुकीत लालडेंगांचा पक्ष हरला, तेव्हा तो जंगलात परतला नाही. विरोधी बाकांवर बसला. भूमिगत काळात लालडेंगांचे निकटचे सहकारी असलेले झोरामथांगा पुढे १९९८ साली मतपेटीतून मुख्यमंत्री झाले. बंदुकीतून जे वीस वर्षांत मिळाले नाही, ते मतपत्रिकेतून मिळाले.

चौथे कारण आपल्या व्यासपीठावरून सांगताना काहींच्या कपाळावर आठी उमटेल, तरीही ते सांगितले पाहिजे. मिझोराममध्ये चर्चने आणि १९३५ पासून गावोगावी काम करणाऱ्या यंग मिझो असोसिएशनने शांततेसाठी सतत दबाव ठेवला आणि परत आलेल्यांना गावाने सामावून घ्यावे यासाठी वातावरण निर्माण केले. धर्मांतराविषयी आपली जी भूमिका आहे ती आहे. तीत या कबुलीने बाधा येत नाही. यातून घ्यायचा बोध एवढाच की, ज्या समाजाची स्वतःची संघटित शक्ती गावपातळीवर उभी असते, तो समाज चुकलेल्या मुलाला परत घेऊ शकतो. शक्ती नसेल, तर समाज फक्त पाहत राहतो आणि सारे काही पोलीस ठाण्यावर सोपवतो. आता प्रश्न आपल्याला आहे. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या तालुक्यांत आपली अशी शक्ती किती गावांत आहे?

मिझोरामच्या यशाला एक काळी किनारही आहे. १९९७ साली त्याच राज्यातून हजारो ब्रू बांधव घरदार सोडून त्रिपुरात आश्रयास आले. निर्वासित छावण्यांत त्यांची दोन दशकांहून अधिक वर्षे गेली. १६ जानेवारी २०२० च्या करारानंतर सुमारे ३४,००० ब्रूंना त्रिपुरातच कायम वसवण्याचा मार्ग मोकळा झाला. बहुसंख्य समाजात आलेली शांतता छोट्या समाजाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. गडचिरोलीतही माडिया, गोंड, कोलाम, बंगाली निर्वासित, तेलुगू भाषक असे अनेक समाज आहेत. शांतता त्या सर्वांची व्हावयास हवी.

गडचिरोलीतील सकाळ

या तीन धड्यांसह आता घरी येऊ. महाराष्ट्र शासनाची आत्मसमर्पण योजना २००५ सालापासून चालू आहे. रोख साहाय्य, घर, व्यवसाय प्रशिक्षण यांची तरतूद तीत आहे. गडचिरोलीत शरण आलेल्यांसाठी ‘नवजीवन’ ही वसाहत उभी राहिली. सामूहिक विवाहांतून अनेक जोडप्यांचे संसार उभे राहिले. कोनसरीच्या लोहप्रकल्पात काहींना काम मिळाले. पोलीस दलाने बंदुकीइतक्याच चिकाटीने हे काम केले, त्याला मनापासून दाद दिली पाहिजे.

परंतु अडचणी कोठे आहेत, तेही पाहू. जंगलातून आलेल्या माणसाकडे कागद नसतो. जन्मनोंद नाही, शिधापत्रिका नाही, जातीचा दाखला नाही, बँकेत खाते नाही. आपल्या राज्यात कागदावाचून माणूस अस्तित्वातच नसतो. दुसरी अडचण न्यायालयाची. आत्मसमर्पण म्हणजे गुन्ह्यांची माफी नव्हे. जुने खटले उभे असतात, तारखा पडत राहतात आणि वकील करण्याची ऐपत नसते. तिसरी अडचण भाषेची आहे. ज्याला गोंडी किंवा माडिया येते, मराठी तुटकी येते, त्याला प्रशिक्षण मराठी पुस्तकातून देऊन काय साधणार?

एक गोष्ट आपल्यासारख्या कुटुंबवत्सल समाजाला विशेष अस्वस्थ करणारी आहे. माओवादी पक्षात लग्न करायचे, तर पुरुषाला आधी नसबंदी करून घ्यावी लागे. मूल म्हणजे चळवळीच्या पायातील बेडी, असे त्यांचे शास्त्र! शरण आल्यानंतर अनेकांनी पहिली मागणी कोणती केली असेल? नसबंदी उलटवणाऱ्या शस्त्रक्रियेची. पोलीस आणि डॉक्टरांच्या साहाय्याने अशा शस्त्रक्रिया झाल्या, काही घरांत पाळणे हलले. ज्या विचारसरणीने माणसाकडून त्याचे बापपण हिरावून घेतले, तिचा पराभव शस्त्रागारात जमा झालेल्या रायफलींपेक्षा त्या पाळण्याने अधिक पूर्ण होतो.

आणि शेवटची अडचण भीतीची. शरण आलेल्यांना माओवाद्यांनी ‘गद्दार’ ठरवून ठार मारल्याच्या घटना गडचिरोलीत आणि बस्तरमध्ये घडल्या आहेत. म्हणून वसाहत पोलीस मुख्यालयाच्या आश्रयाने उभी राहिली, हे समजण्यासारखे आहे. परंतु वसाहत हा मुक्काम असावा, गाव होऊ नये. कायम वेगळे राहिलेले कायम वेगळेच राहतात. तसेच, परतलेल्या माणसाला पुन्हा बंदूक देऊन त्याच जंगलात त्याच्या जुन्या सोबत्यांवर धाडणे ही तात्पुरती सोय असते. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील विशेष पोलीस अधिकाऱ्यांना अशा मोहिमांत वापरण्यास मनाई केली. त्या निकालातील सर्व विवेचन आपणांस पटेलच असे नाही. परंतु ज्याने बंदूक टाकली, त्याच्या हातात आपण प्रथम काय देतो, हा प्रश्न उरतोच. जो स्वेच्छेने आणि पात्रतेने पोलीस दलात जाईल, त्याचे स्वागत असो. बाकीच्यांच्या हाती नांगर, हातोडा, पुस्तक असे काहीतरी पडावे.

हुतात्म्यांच्या घरी काय सांगायचे?

आपल्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न केव्हाचा उसळत असेल. ज्यांनी आमचे जवान मारले, त्यांना रोख रक्कम, घर आणि नोकरी? आणि जांभूळखेड्याच्या हुतात्म्याच्या पत्नीने, ‘पोलिसांचा खबऱ्या’ म्हणून गळा चिरलेल्या गावपाटलाच्या मुलाने हे पाहत बसायचे?

हा प्रश्न अन्यायाचा नाही आणि तो विचारणाऱ्याला गप्प बसवण्याचा अधिकार कोणासही नाही. क्षमा करण्याचा पहिला हक्क ज्याने सोसले त्याचा असतो. सभागृहात बसलेल्यांचा नसतो. म्हणून पुनर्वसनाचा एक रुपया परतलेल्याच्या हाती पडण्यापूर्वी ज्यांचे माणूस गेले, त्यांच्या घरचे प्रश्न सुटलेले असले पाहिजेत. माओवाद्यांनी मारलेल्यांत वनवासी गावकऱ्यांची संख्या मोठी आहे. त्या घरांकडे वार्षिक मानवंदनेच्या दिवशी सोडून कोण जाते?

पण याच प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. जो शरण आला त्याला आपण लाथाडले, तर जो अजून जंगलात आहे तो येणार नाही. तो न आल्यास आणखी एका जवानाच्या घरी शोकवार्ता पोहोचेल. परतणाऱ्याला जागा देणे हा मारेकऱ्यावर केलेला उपकार नव्हे. तो पुढच्या जवानाच्या प्राणांचा विचार आहे. आणि ज्या पोराला चौदाव्या वर्षी गावातून नेले गेले, तो स्वतःही त्या हिंसेचा बळी होता, हे नाकारता येईल काय?

नेतोजींचे परतणे

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १६६६ साली नेतोजी पालकर स्वराज्य सोडून विजापूरकरांकडे आणि तेथून मोगलांकडे गेले. १६६७ च्या आरंभी औरंगजेबाने त्यांचे धर्मांतर घडवून त्यांना काबूलच्या दिशेने पाठवले. नऊ वर्षे ते परधर्मात आणि परसैन्यात राहिले. १६७६ साली ते महाराजांकडे परतले आणि महाराजांनी त्यांना पुन्हा स्वधर्मात घेतले. ‘प्रतिशिवाजी’ म्हणून ज्याचा दबदबा होता तो सेनापती शत्रूच्या बाजूने लढून आलेला. त्याला संशयाने तुरुंगात टाकता आले असते, वेशीबाहेर ठेवता आले असते. महाराजांनी त्याला पंगतीत घेतले.

बाजाजी निंबाळकरांची कथाही परंपरेने सांगितली जाते. त्यांना विजापूरच्या दरबारात मुसलमान व्हावे लागले आणि पुढे ते परत आले. त्यांचे पुत्र महादजी यांच्याशी महाराजांची कन्या सखूबाई यांचा विवाह झाला. लोक बोलतात, कुजबुजतात, पण राजघराण्याची मुलगी त्या घरात गेली की बोलणाऱ्यांची तोंडे आपोआप बंद होतात. महाराजांनी परत येणाऱ्याला जहागिरीपेक्षा मोठी गोष्ट दिली. नाते दिले. रोटीबेटीचा व्यवहार दिला. आज आपण समरसता हा शब्द सहज उच्चारतो. त्याचा अर्थ या दोन घटनांत सामावलेला आहे.

आपण काय करावे?

म्हणून आता आपल्यापुरते बोलतो. येथे लहानमोठे उद्योजक आणि व्यावसायिक बसले आहेत. विदर्भातील प्रत्येकाने आपल्या कारखान्यात, वर्कशॉपमध्ये, गोदामात एखाद्या तरुणाला काम देण्याचे मनावर घेतले, तर कोणत्याही शासकीय योजनेला जमणार नाही ते होईल. येथे वकील आहेत. महिन्यातून एक तारीख अशा माणसासाठी विनामूल्य उभे राहणे त्यांना अशक्य नाही. शिक्षक आहेत, प्रौढ माणसाला त्याच्या भाषेतून अक्षरओळख करून देण्यासाठी उन्हाळ्याची सुट्टी पुरते. १९५२ साली जशपूरला बाळासाहेब देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रमाचे काम सुरू केले, त्याची वसतिगृहे आज देशभर आहेत. परतलेल्यांची मुले तेथे इतर मुलांच्या पंगतीला बसली पाहिजेत, आणि हुतात्म्यांची मुलेही त्याच पंगतीला असली पाहिजेत. वडिलांच्या बंदुका समोरासमोर होत्या. मुलांची ताटे शेजारी मांडली जावीत.

आणि सर्वांत अवघड गोष्ट गृहिणींना सांगतो. असे एखादे जोडपे कामासाठी नागपूरला किंवा चंद्रपूरला आले आणि आपल्या गल्लीत भाड्याने खोली मागू लागले, तर आपण देऊ काय? संक्रांतीला त्या मुलीच्या हातावर तिळगूळ ठेवू काय? हळदीकुंकवाला तिला बोलावू काय? केंद्र शासनाने नक्षलवादाच्या उच्चाटनासाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती. उच्चाटनाला मुदत घालता येते. आपलेपणाला घालता येत नाही. तो प्रत्येक घराने आपल्या सवडीने नव्हे, तर समोरच्याच्या गरजेच्या वेळी द्यायचा असतो.

सुरक्षा दलांनी आपले काम प्राण वेचून केले. शस्त्रे पोलिसांच्या मालखान्यात जमा झाली. आता माणसे कोठे जमा व्हायची, एवढाच प्रश्न शिल्लक आहे, आणि त्याचे उत्तर गडचिरोलीच्या मुख्यालयात नाही. आपल्या दारात आहे.

एवढे बोलून मी माझे विवेचन संपवतो. भारतमाता की जय!